पावावर फुललेली परसबाग
दमट किनाऱ्यावर भाज्यांनी सजवलेला पाव घरी कसा भाजावा?

भात, मासळी आणि नारळ या त्रयीवर उभ्या असलेल्या मालवणी स्वयंपाकघरात भट्टीतल्या पावाचे स्थान तसे दुय्यमच. सकाळी घावणे किंवा आंबोळी, दुपारी भात आणि तिकले, पाहुणा आला की कोंबडी-वडे, हा तिथला क्रम. मात्र विजेवर चालणाऱ्या लहान भट्ट्या घरोघरी येऊ लागल्यापासून किनाऱ्यावरच्या गावांतही घरी पाव भाजून पाहण्याची हौस वाढली आहे. २०२० सालच्या टाळेबंदीत ही हौस जगभर पसरली. अनेक देशांत दुकानांतून यीस्ट मिळेनासे झाले. त्याच सुमारास भाज्यांच्या चकत्या, कांद्याची पात आणि सुवासिक पाने यांनी बागेचे चित्र रेखाटलेला एक चपटा पाव विशेष लोकप्रिय झाला.

हा पाव मूळचा इटलीचा. त्याचे नाव फोकाचिया. लॅटिन भाषेत ‘फोकस’ म्हणजे चूल. चुलीच्या तापल्या दगडावर भाजलेली जाड भाकरी हे त्याचे जुने रूप. इटलीच्या लिग्युरिया या किनारी प्रांतात, विशेषतः जिनोव्हा शहरात, तो आजही न्याहारीला खाल्ला जातो. त्यावर भरपूर ऑलिव्ह तेल, जाडे मीठ आणि रोझमेरीची पाने असतात. या पावाच्या बहुतेक छापील कृती थंड व कोरड्या हवेसाठी लिहिलेल्या असतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि पावसाळ्यात मीठसुद्धा बरणीत पाझरते. तिथे त्या कृती जशाच्या तशा वापरल्या की पीठ पातळ होते, आंबून उतू जाते आणि भाज्यांच्या पाण्याने पाव मधोमध कच्चा राहतो. किनाऱ्यावर पाव साधायचा तर हवेतले, पिठातले आणि भाजीतले अशा तिन्ही ठिकाणच्या पाण्यावर नजर ठेवावी लागते.

पाव किनाऱ्यावर कसा आला

गहू हे कोकणचे पीक नव्हे. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि त्यांच्यामागोमाग गव्हाचा आंबवलेला पाव या किनाऱ्यावर आला. ‘पाव’ हा शब्दच पोर्तुगीज ‘पांव’पासून आलेला, तर पाव भाजणाऱ्याला गोव्यात म्हणतात तो ‘पोदेर’ हा पोर्तुगीज ‘पादेइरू’चा अपभ्रंश. युरोपातले किण्व येथे मिळत नसल्याने गोव्यातील पोदेरांनी पीठ फुगवण्यासाठी माडाची सूर वापरली. कोंड्याची पोळी, उंडो, कातऱ्यांचा पाव, बांगडीच्या आकाराचे कांकण असे प्रकार त्यातून रूढ झाले. पुढे सूर काढणारे कमी झाले, ती महागही पडू लागली आणि बहुतेक भट्ट्यांत तिची जागा तयार यीस्टने घेतली.

गोव्याला लागून असलेल्या सावंतवाडी, वेंगुर्ले, दोडामार्ग या भागांशी गोव्याचा नित्य व्यवहार असला, तरी हिंदू घरांत पाव शिरायला बराच काळ जावा लागला. विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटवली, ही कथा गोव्यापासून वसईपर्यंत पिढ्यान्पिढ्या सांगितली गेली. तिचा ऐतिहासिक खरेपणा बाजूला ठेवला, तरी पावाकडे पाहण्याची त्या काळची दृष्टी तीतून स्पष्ट दिसते. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे घेतल्यावरून लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांना ग्रामण्याला तोंड द्यावे लागले होते. ज्या पदार्थाने कधीकाळी जात जाते असे मानले जाई, तो आज घरच्या गृहिणीने हौसेने भाजावा, हा बदल लहान नाही.

आंबवण्याची विद्या जुनीच

पावाचे तंत्र परके वाटत असले, तरी त्यामागची आंबवण्याची विद्या किनाऱ्यावरच्या स्त्रियांना नवी नाही. आंबोळीसाठी तांदूळ, उडीद आणि मेथी भिजवून, वाटून रात्रभर ठेवतात. हवा उष्ण असेल तर पीठ लवकर चढते, थंडीत त्याला ऊब द्यावी लागते, हे त्यांना सवयीने कळते. हा अनुभव पावालाही तसाच्या तसा लागू पडतो. फरक आहे तो पिठाच्या स्वभावात. गव्हात ग्लुटेन असते. पाणी आणि मळणे यांमुळे त्याचे लवचिक जाळे बनते, आणि यीस्टने निर्माण केलेला वायू त्या जाळ्यात अडकून पाव हलका होतो. तांदळात आणि नाचणीत ग्लुटेन नसल्याने नुसत्या तांदळाचा किंवा नाचणीचा असा पाव होत नाही.

वरून आच देऊन भाजण्याची रीतही कोकणात आहेच. तवशाची, म्हणजे मोठ्या काकडीची, गूळ व तांदळाचा रवा घालून केलेली तवसळी किंवा धोंडस पूर्वी जाड बुडाच्या पातेल्यात शिजे. पातेल्याखाली मंद विस्तव आणि झाकणावर रसरशीत निखारे असत. भट्टी म्हणजे तरी दुसरे काय? दोन्ही बाजूंनी येणारी कोरडी उष्णता, हेच तिचेही तत्त्व.

पिठाचे प्रमाण

साधारण २३ सेंटिमीटर रुंद व ३३ सेंटिमीटर लांब ताटासाठी पुढील प्रमाण पुरते. मैदा ५०० ग्रॅम, पाणी ३६० मिलिलिटर, मीठ १० ग्रॅम, झटपट विरघळणारे कोरडे यीस्ट ४ ग्रॅम, पिठात घालायला तेल ३० मिलिलिटर आणि तेवढेच ताटाला व वरून लावायला. साखर आवश्यक नाही. घातलीच तर एक लहान चमचा पुरे. ऑलिव्ह तेल परंपरेला धरून आहे, पण शेंगदाण्याचे तेलही चालते. खोबरेल तेलाने पावाला येणारा वास मालवणी जिभेला आवडण्यासारखा असला, तरी मरवा-सब्जासारख्या नाजूक पानांचा गंध त्यात बुडतो. म्हणून ते निम्मेच घ्यावे.

पाव अधिक खमंग हवा असल्यास मैद्यापैकी ५० ते ७५ ग्रॅम कमी करून तेवढे नाचणीचे पीठ घालावे. याहून जास्त नाचणी घातली की पाव दडस होतो. चक्कीवरची कणीक घ्यायची असेल तर ती मैद्याच्या एकतृतीयांशापर्यंत असावी. जात्यात किंवा चक्कीत दळताना गव्हातील स्टार्चच्या कणांना अधिक इजा होते व असे पीठ जास्त पाणी ओढते. शिवाय कोंड्याचे कण ग्लुटेनचे जाळे तोडतात. ताटाला तेल लावल्यावर त्यावर तांदळाचे पीठ भुरभुरल्यास तळ कुरकुरीत होतो.

मैदा, यीस्ट आणि पाणी एकत्र करून वीस मिनिटे झाकून ठेवावे, मग मीठ आणि तेल मिसळावे. हे पीठ चिकट असते. ओट्यावर रगडून मळण्याऐवजी हात ओला करून पिठाची एक कड उचलावी, ताणावी आणि मधोमध दुमडावी. असे चारही बाजूंनी करावे. वीस-वीस मिनिटांच्या अंतराने तीन वेळा केले की चिकटपणा कमी होऊन पीठ गुळगुळीत दिसू लागते.

दमट हवेचे गणित

उघड्या डब्यातला मैदा पावसाळ्यात हवेतली ओल शोषून घेतो. म्हणून जून ते सप्टेंबर या काळात ३४० मिलिलिटर पाण्याने सुरुवात करावी आणि उरलेले पाणी गरज पाहून चमच्याचमच्याने घालावे. फेब्रुवारीत, हवा त्यामानाने कोरडी असताना, ३७५ मिलिलिटरपर्यंत पाणी लागू शकते.

पीठ आंबण्यास २४ ते २७ अंश सेल्सिअस तापमान उत्तम मानले जाते. मालवण-वेंगुर्ल्याच्या स्वयंपाकघरात ते सहज तीस अंशांच्या वर जाते. कृतीत ‘दोन तास ठेवा’ असे लिहिलेले असले तरी इथे पीठ तासाभरातच दुप्पट होते. पुढे ठेवल्यास ते खाली बसते, आंबूस वास येतो आणि जाळे फाटून पाव सपाट होतो. त्यामुळे घड्याळापेक्षा पिठाकडे लक्ष द्यावे. सरळ कडांच्या डब्यात पीठ ठेवून सुरुवातीच्या उंचीवर खूण केली की दुप्पट झालेले लगेच कळते. पीठ भिजवायला कोमट पाण्याऐवजी माठातले गार पाणी घ्यावे.

याहून खात्रीची रीत म्हणजे थंड आंबवण. यीस्ट निम्मे, म्हणजे २ ग्रॅम घ्यावे, पीठ वर सांगितल्याप्रमाणे दुमडून घ्यावे आणि झाकलेल्या डब्यात बारा ते सोळा तास शीतकपाटात ठेवावे. भाजण्याआधी दोन तास बाहेर काढून ताटात पसरावे. सावकाश आंबल्याने चव खुलते आणि गार पिठावर चित्र मांडणेही सोपे जाते. यीस्टचे उघडलेले पाकीट दमट हवेत काही दिवसांत निकामी होऊ शकते. ते हवाबंद बाटलीत घालून शीतकपाटात ठेवावे. शंका असल्यास चिमूटभर साखर घातलेल्या कोमट पाण्यात थोडे यीस्ट टाकून पाहावे. दहा मिनिटांत फेस न आल्यास ते टाकून द्यावे.

परसातले सुगंध

रोझमेरी, थाइम, ओरेगॅनो ही नावे ऐकून अनेक जण हा पाव आपल्या आवाक्याबाहेरचा मानतात. वास्तविक या वनस्पतींचे सगेसोयरे अंगणातच असतात. सरबतात घालतो तो सब्जा हे इटालियन स्वयंपाकातल्या बेसिलचेच बी. वनस्पती एकच, वाण निराळे. वेणीत माळला जाणारा मरवा म्हणजे मार्जोरम, ओरेगॅनोचा सख्खा भाऊ. ओव्याला त्याचा वास देणारे थायमॉल हेच थाइमच्या वासाचेही प्रमुख कारण आहे. कुंडीत वाढणाऱ्या पानओव्याच्या जाड, लुसलुशीत पानांचा गंध तर ओरेगॅनोशी इतका जुळतो की अनेक देशांत ती पाने त्याच्याऐवजी वापरतात. मात्र मरवा फुलवाल्याकडून आणू नये. तो माळण्यासाठी पिकवलेला असतो, खाण्यासाठी नव्हे, आणि त्यावर कोणती फवारणी झाली ते कळत नाही. एक कुंडी घरी लावलेली बरी.

बांगड्याच्या तिकल्यात पडणारे तिरफळही येथे शोभते. त्यातले काळे बी काढून टाकावे, वाळलेले टरफल भरड कुटावे आणि तेलात मिसळून पिठावर लावावे. पाव किलो मैद्याला दोन-तीन तिरफळे पुरेत. जास्त झाल्यास जिभेला मुंग्या येतात.

कोणती भाजी, कोणत्या ऋतूत

पावसाळ्यात तवसे, पडवळ, दोडका आणि रानभाज्या असतात. फोडशीची लांब पाने गवताच्या पात्यांसारखी दिसतात. टाकळा व कुर्डूची कोवळी पाने आधी वाफवून, पिळून घ्यावीत. भातकापणीनंतर मळ्यात लाल माठ, मुळा, वांगी, मिरच्या, टोमॅटो येतात. सजावटीला हा काळ सर्वांत सोयीचा. उन्हाळ्यात ओले काजूगर आणि रातांबे. वेंगुर्ले येथील फळ संशोधन केंद्राने काजूच्या ‘वेंगुर्ला’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या जाती विकसित केल्या, तर सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ओल्या काजूगराची सोललेली पाकळी पावावर कळीसारखी शोभते आणि भाजल्यावर खमंग लागते. आमसूल दहा मिनिटे भिजवून, पिळून, पाकळ्यांसारखे कापून लावावे.

तवशात व टोमॅटोत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. हे पाणी काढले नाही तर ते पिठात उतरते. चकत्या पातळ कापून त्यांना मीठ लावावे, पंधरा मिनिटांनी सुती फडक्यात दाबून कोरड्या कराव्यात. टोमॅटोच्या बिया व रस काढून केवळ गर घ्यावा. वांग्याच्या व दोडक्याच्या चकत्या तव्यावर थोड्या तेलात परतून घ्याव्यात.

रंगांचेही काही नियम आहेत. पानांचा हिरवा रंग उष्णतेने व आंबटपणाने मळकट होतो. म्हणून आमसूल हिरव्या पानांपासून दूर लावावे. लाल माठाचा रंग आचेपुढे टिकत नाही; कोकमाचा रंग त्या मानाने टिकतो, कारण त्याचे रंगद्रव्य आंबट माध्यमात स्थिर राहते. पातळ पाने तेलात बुडवून लावल्यास करपत नाहीत. सब्जा व कोथिंबिरीची कोवळी पाने शेवटच्या पाच मिनिटांत ठेवावीत.

काही गोष्टी मात्र पावावर येताच कामा नयेत. अळूची पाने घशाला खाजतात, ती खाज वीस-पंचवीस मिनिटांच्या भाजण्याने जात नाही. शोभेसाठी म्हणून कण्हेरीची फुले लावणे जिवावर बेतू शकते, कारण त्या झाडाचा प्रत्येक भाग विषारी आहे. रानभाजी ओळखणारे माणूस घरात नसेल तर ती बाजारातून ओळखीच्या विक्रेत्याकडूनच घ्यावी.

चित्र मांडताना

ताटात पसरलेले पीठ अर्धा-पाऊण तास फुगू द्यावे. मग त्यावर तेल ओतून, बोटांची टोके ताटाच्या तळाला टेकतील इतकी खोल दाबून सगळीकडे खळगे पाडावेत. खळग्यांत तेल साचते आणि पीठ एकसारखे फुगते. चित्र यानंतरच मांडावे. आधी मांडल्यास पीठ वाढताना ते विस्कटते.

रांगोळी घालणाऱ्या हाताला मांडणी सांगावी लागत नाही. पण रांगोळीची जमीन स्थिर असते आणि पाव भट्टीत वाढतो, हे ध्यानात ठेवावे. आकृत्यांमध्ये बोटभर जागा सोडावी. कांद्याच्या पातीचे देठ, सिमला मिरचीच्या पाकळ्या, लाल कांद्याच्या कड्यांची फुले, काळ्या तिळांचे परागकण एवढ्यावर बाग उभी राहते. पातीचे टोक चिरून पसरले की माडाच्या झावळ्या होतात. प्रत्येक तुकडा पिठात घट्ट दाबावा, नाहीतर भाजताना सुटून वर येतो. पृष्ठभागाचा निम्मा भाग तरी मोकळा असावा. भाज्यांची गर्दी झाली की वाफ बाहेर पडायला वाट राहत नाही आणि पाव ओलसर राहतो.

भाजणे, आणि भट्टी नसेल तर

भट्टी २२० अंश सेल्सिअसला किमान पंधरा मिनिटे आधी तापवून घ्यावी. ताट खालच्या कप्प्यात ठेवावे. बावीस ते पंचवीस मिनिटांत कडा सोनेरी होतात. चित्र त्याआधीच गडद होऊ लागल्यास वर पातळ पत्रा अलगद ठेवावा. तळ उचलून पाहावा. तो फिका असेल तर आणखी पाच मिनिटे द्यावीत. भट्टीतून काढल्याबरोबर पाव ताटाबाहेर, जाळीवर ठेवावा. ताटातच निवू दिल्यास वाफ तळाला पाणी होऊन बसते.

भट्टी नसल्यास तवसळीची रीत उपयोगी पडते. जाड लोखंडी कढईत बोटभर जाडे मीठ पसरून ती झाकून दहा-पंधरा मिनिटे तापवावी. त्यावर तिवई, तिवईवर पावाचे लहान ताट ठेवून कढई जड लोखंडी झाकणाने झाकावी व झाकणावर निखारे घालावेत. पीठ निम्मेच घ्यावे आणि थर पातळ ठेवावा. साधारण पस्तीस ते चाळीस मिनिटे लागतात. निखाऱ्यांशिवाय पाव शिजतो, पण वरून पांढराच राहतो आणि भाज्या भाजल्या न जाता वाफवल्या जातात. निखारे वापरायचे तर काम उघड्यावर किंवा मोकळ्या हवेच्या पडवीतच करावे, बंद खोलीत कधीही नाही.

टिकवण आणि काळजी

घरच्या पावात टिकाऊपणासाठी काही घातलेले नसते. बाजारच्या पावात एकेकाळी सर्रास वापरल्या जाणाऱ्या पोटॅशियम ब्रोमेटवर भारतात २०१६ साली बंदी आली, आणि घरच्या पावाकडे वळण्याचे एक कारण अनेकांना तेव्हा मिळाले. पण टिकाऊ द्रव्ये नसल्यामुळेच किनाऱ्याच्या हवेत या पावाला जपावे लागते. भाज्या लावलेला पाव त्याच दिवशी संपवावा. उरलाच तर तुकडे शीतकपाटात ठेवून दुसऱ्या दिवशी तव्यावर गरम करावेत. बुरशी दिसलेला भाग कापून उरलेला खाणे धोक्याचे आहे.

उष्ण व दमट हवेत पावाला आणखी एक रोग होतो. आतला भाग चिकट होतो, तोडल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या तारा सुटतात आणि पिकून उतरलेल्या फळासारखा वास येतो. पिठातील एका जातीच्या जिवाणूंचे बीजाणू भट्टीच्या उष्णतेतही तग धरतात व अर्धवट भाजलेल्या, सावकाश निवलेल्या पावात वाढतात, हे त्याचे कारण. असा पाव टाकून द्यावा आणि भांडी, ओटा गरम पाण्याने धुऊन व्हिनेगरने पुसावा. पाव पूर्ण भाजणे आणि जाळीवर लवकर निववणे हाच त्यावरचा उपाय होय.

लसूण किंवा ओली पाने तेलात मुरवून बाटली बाहेर ठेवण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी. हवा न मिळणाऱ्या तेलात, उबदार जागी, प्राणघातक विष निर्माण करणारे जिवाणू वाढू शकतात आणि वासावरून ते कळत नाही. असे तेल त्या त्या दिवशी लागेल तेवढेच करावे.

गणपतीला आलेल्या चाकरमान्यांना किंवा पर्यटकांना असा पाव विकण्याचा विचार असेल, तर २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यान्वये घरगुती विक्रेत्यालाही नोंदणी करावी लागते. विक्रीसाठी भाजताना रानभाज्या टाळून नेहमीच्या भाज्या वापरणे श्रेयस्कर.

पाव भट्टीतून निघाल्यावर अर्धा तास तरी कापू नये. आतली वाफ स्थिरावली नाही तर सुरीला गोळा लागतो. दातेरी सुरीने चौकोनी तुकडे करावेत. काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याबरोबर तो चांगला लागतो, आणि संध्याकाळी नुसत्या चहाबरोबरही.